दिवा लागला, टच कुणाचा?

मार्क झुकरबर्गच्या जवळजवळ प्रत्येक चरित्रलेखात एक ओळ सापडते: फिलिप्स एक्सेटर अकॅडमीत असताना तो शाळेच्या फेन्सिंग संघाचा कर्णधार होता. पुढच्याच वाक्यात हार्वर्ड येतं, मग वसतिगृहातली खोली, मग फेसबुक. ज्याने कधी हातात फॉइल ही फेन्सिंगची तलवार धरलेली नाही, त्याला त्या ओळीपाशी थांबावंसं वाटणार नाही, हे साहजिकच आहे. पण काही वाचक थांबतात. कॉम्प्युटरचं वेड असलेली, पुढेमागे स्वतःचं काहीतरी उभं करायचं स्वप्न पाहणारी मुलं विचारतात, हा खेळ नेमका असतो तरी कसा? हे पुस्तक त्यांच्यासाठी आणि त्यांच्या पालकांसाठी आहे. या विषयाकडे गंभीरपणे पाहू इच्छिणाऱ्या कुणाही मराठी वाचकाचं इथे स्वागत आहे.

पुस्तकाच्या पहिल्या भागात एका तंत्रउद्योजकाचं आयुष्य आहे आणि दुसऱ्या भागात फेन्सिंगची मूलतत्त्वं. दोन्ही एका बांधणीत का घेतले, ते आधीच सांगतो. मुलं त्या आयुष्याच्या दारातून आत येतात, हे एक कारण झालं. खरं कारण अभ्यासाचं आहे. फेन्सिंग हा मोजमापाचा खेळ आहे. गेली जवळजवळ पावणेपाचशे वर्षं इंजिनिअर आणि भूमितीची आवड असलेली माणसं या खेळाला मापात बसवू पाहत आहेत. त्यांनी अंतर मोजलं, कोन मोजले, शेवटी वीज आणून सेकंदाचा हजारावा भागही मोजला. इतकं सगळं मोजून झाल्यावरही एक गोष्ट माणसालाच ठरवावी लागते, आणि माझ्या मते तीच या विषयाचा गाभा आहे. ती कोणती, ते पुढे येईल.

आधी आयुष्य. झुकरबर्गचा जन्म 14 मे 1984चा, न्यूयॉर्क राज्यातल्या व्हाइट प्लेन्सचा. डॉब्स फेरी या लहानशा गावात तो वाढला. वडील दातांचे डॉक्टर, आई मानसोपचारतज्ज्ञ. शाळकरी वयातच त्याने घरातले आणि वडिलांच्या दवाखान्यातले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतील असा प्रोग्रॅम लिहिला. घरात त्याला झुकनेट म्हणत. आधी आर्ड्सलीच्या सरकारी शाळेत शिकून तो न्यू हॅम्पशरमधल्या एक्सेटरला गेला. ही निवासी शाळा 1781 सालची. तिथे त्याने लॅटिन आणि ग्रीक मन लावून वाचलं, तलवार चालवली, आणि ॲडम डँजेलो या मित्राबरोबर सिनॅप्स नावाचा म्युझिक प्लेअर तयार केला. ऐकणाऱ्याची आवड ओळखून तो पुढचं गाणं निवडायचा. मोठ्या कंपन्यांनी त्यात रस दाखवला, पण झुकरबर्ग 2002 साली हार्वर्डला गेला.

4 फेब्रुवारी 2004 रोजी ‘दफेसबुक’ सुरू झालं तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. त्याच वर्षी गुंतवणूकदार पीटर थीलने पाच लाख डॉलर गुंतवले आणि मुक्काम कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टोला हलला. 2006 साली याहूने सुमारे एक अब्ज डॉलरना कंपनी मागितली. बावीस वर्षांच्या झुकरबर्गने ती दिली नाही. मे 2012मध्ये प्रत्येकी 38 डॉलरना शेअर बाजारात आले, इन्स्टाग्राम विकत घेतल्याची घोषणा त्याच वर्षीची, व्हॉट्सॲप 2014मधलं. ऑक्टोबर 2021मध्ये कंपनीचं नाव मेटा झालं. नव्या नावाची घोषणा झाली त्या कार्यक्रमात तो आभासी जगात तलवार घेऊन उभा होता, आणि समोर टोकियो ऑलिंपिकची फॉइल विजेती ली कीफर होती. शाळेतल्या खेळाची आठवण इतकी वर्षं टिकली होती.

त्याचं कौतुक करणाऱ्यांनी उरलेला भागही वाचायला हवा, म्हणून तो पुस्तकात तितक्याच सविस्तर दिला आहे. फेसबुकची कल्पना आपली होती, असा दावा हार्वर्डमधले विंकलव्हॉस बंधू आणि भारतीय वंशाचा दिव्य नरेंद्र यांनी केला. 2008 साली रोख आणि शेअर मिळून सुमारे साडेसहा कोटी डॉलरवर तडजोड झाली. 2018 साली केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणात 8 कोटी 70 लाखांपर्यंत वापरकर्त्यांची माहिती भलत्या हातांत गेल्याचं कंपनीनेच सांगितलं, आणि त्याला अमेरिकी संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या समित्यांपुढे उत्तरं द्यावी लागली. पुढच्या वर्षी पाच अब्ज डॉलरचा दंड झाला. म्यानमारमधल्या हिंसेला खतपाणी घालण्यासाठी हे माध्यम वापरलं गेलं आणि आपण ते रोखायला पुरेसं केलं नाही, हेही कंपनीने मान्य केलं. हे सगळं एकाच माणसाच्या कारकिर्दीतलं आहे. कर्तृत्व थक्क करणारं आहे आणि जबाबदारीही तेवढीच मोठी आहे.

इथे एक इशारा द्यायला हवा. उद्योजकांवरच्या पुस्तकांत खेळाला धड्यांत बदलायची फार घाई असते. ‘लंज मारावा तसा बाजारात उतरला’, ‘प्रतिस्पर्ध्याचा वार परतवला’ असली वाक्यं लिहायला सोपी असतात. या पुस्तकात ती नाहीत. शाळेत दोन वर्षं फेन्सिंग केलं म्हणून कुणी मोठी कंपनी उभी करत नाही, आणि हजारो मुलं तेच फेन्सिंग करून डॉक्टर, शिक्षक, सुतार होतात. चरित्रातल्या त्या ओळीचा अर्थ लावायचा असेल, तर आधी खेळ खेळ म्हणून समजून घ्यावा लागतो.

तो समजून घ्यायची सुरुवात रोममध्ये, 1553 साली करता येते. कामिल्लो अग्रिप्पा हा मूळचा मिलानचा, रोममध्ये स्थायिक झालेला इंजिनिअर. पाणी उंचावर चढवण्याच्या योजना आखणं हे त्याचं काम होतं. पुढे 1583 साली त्याने सेंट पीटरच्या चौकात अजस्र दगडी स्तंभ कसा हलवावा यावर पुस्तिका लिहिली. तलवार शिकवणं हा त्याचा धंदा नव्हता. तरीही त्याने शस्त्रविद्येवर ग्रंथ लिहिला आणि त्यात वर्तुळं, त्रिकोण, रेषा आखून दाखवल्या. तोवरच्या उस्तादांकडे पवित्र्यांची लांबलचक, अलंकारिक नावांची यादी असे. अग्रिप्पाने ती चारवर आणली आणि त्यांना नावाऐवजी क्रमांक दिले. म्यानातून तलवार उपसल्याबरोबर हात जिथे येतो तो पहिला. तिथून मनगट फिरत जाईल तसे दुसरा, तिसरा, चौथा. आज आपल्याकडच्या एखाद्या क्लबात प्रशिक्षक ‘कार्त’ किंवा ‘सिक्स्त’ असं ओरडतात, तेव्हा ते फ्रेंचमधले चार आणि सहा म्हणत असतात. त्या मोजणीचं मूळ या माणसाकडे जातं.

अग्रिप्पाचा आग्रह टोकावर होता. घाव घालायला तलवार वर्तुळात फिरवावी लागते, भोसकायला ती सरळ रेषेत जाते. रेषा आखूड, म्हणून वेळ कमी. आज हे सांगायला सोपं वाटतं, पण आधुनिक फेन्सिंगचा बराचसा इतिहास या एका विधानातून निघाला. 1610 साली रिदोल्फो कापो फेर्रोच्या ग्रंथातल्या चित्रांत लंज स्पष्ट दिसतो: मागचा पाय ताठ, पुढचा गुडघा वाकलेला, हात आधी सुटलेला आणि शरीर त्याच्या मागे गेलेलं. चारशे वर्षांनंतरही मुलांना आपण हाच क्रम शिकवतो. आधी हात, मग पाय.

मराठी वाचकाला इथे दांडपट्टा आठवेल, आणि आठवायलाच हवा. पट्ट्याची मूठ लोखंडी खोबणीत असते. ती पंजाच काय, कोपराखालचा हातही झाकते. त्यामुळे मनगट वळत नाही आणि फिरतो तो खांदा, कंबर, सगळं अंग. मर्दानी खेळातला खेळाडू चहूबाजूंनी येणाऱ्यांना दूर ठेवतो. त्याचे पवित्रे गोलात पडतात. फॉइल बोटांवर चालतं. अंगठा आणि तर्जनी दिशा देतात, बाकीची तीन बोटं आवळतात किंवा सैल होतात, आणि टोक पुढे दोन-तीन इंचांचं वर्तुळ काढून समोरच्या पात्याला चकवतं. समोर माणूसही एकच असतो. दोन्ही विद्या आपापल्या गरजेतून घडल्या आहेत. त्यांत उजवी-डावी करण्यात अर्थ नाही. मात्र मर्दानी खेळ केलेलं मूल फेन्सिंगला आलं, की त्याचे पाय तयार असतात आणि हात मात्र पहिल्यापासून शिकवावा लागतो, हे लक्षात ठेवलेलं बरं.

आता मैदान. फेन्सिंगच्या पट्टीला पिस्ट म्हणतात. लांबी 14 मीटर, रुंदी दीड ते दोन मीटर. मध्यरेषेपासून दोन-दोन मीटरवर खेळाडू उभे राहतात, म्हणजे सुरुवातीला दोघांत चार मीटरचं अंतर असतं. बाजूला पळायला जागा नाही. पुढे जायचं किंवा मागे सरायचं. ही अडचण मुद्दाम ठेवलेली आहे, कारण तिच्यामुळे खेळाचा प्रश्न नेमका होतो: आत्ता या क्षणी माझं टोक त्याच्यापर्यंत पोहोचतं का, आणि त्याचं माझ्यापर्यंत? नवशिक्याला तलवार चालवायची घाई असते. जाणकार प्रशिक्षक पहिले काही आठवडे त्याच्या हातात शस्त्रच देत नाहीत. पवित्रा घ्यायला लावतात, म्हणजे टाचा एका रेषेत, पावलं काटकोनात, गुडघे वाकलेले, वजन मधोमध. मग पुढे एक पाऊल, मागे एक पाऊल, समोरच्याशी अंतर कायम ठेवत. मुलं कंटाळतात. पण फेन्सिंगमध्ये अंतर आणि वेळ या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. तुम्ही हातभर जवळ असलात, की समोरच्याला विचार करायला तेवढा वेळ कमी मिळतो. हे डोक्यात शिरून उपयोग नाही. पायांत शिरावं लागतं.

शस्त्रं तीन. फॉइल 500 ग्रॅमच्या आतलं, टोकानेच टच, म्हणजे मोजला जाणारा स्पर्श, होतो, आणि तोही फक्त धडावर. इपी जड, 770 ग्रॅमपर्यंत. टच टोकानेच, पण पायाच्या अंगठ्यापासून मास्कपर्यंत कुठेही. सेबर घोडदळाच्या तलवारीतून आलेलं, म्हणून टोक आणि धार दोन्ही चालतात आणि लक्ष्य कमरेपासून वर, डोकं आणि बाहू धरून. फॉइल मुळात सरावाचं शस्त्र होतं, आणि नवशिक्यांनी तिथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. इपीवर प्रेम करणारे या मताशी भांडतात. त्यांची बाजूही चौथ्या प्रकरणात दिली आहे.

लक्ष्यावर टोक लागलं की नाही, हे पूर्वी पिस्टच्या चार कोपऱ्यांवर उभे असलेले चार पंच आणि मधला अध्यक्ष ठरवत. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीवर मतदान होई, आणि भांडणं ठरलेली. वीज आली ती या भांडणांमुळे. ऑलिंपिकमध्ये इपीला 1936 साली बर्लिनमध्ये विजेचं यंत्र लागलं, फॉइलला 1956 साली मेलबर्नमध्ये, आणि सेबरला थेट 1992 साली बार्सिलोनात. इतका उशीर का, याचं उत्तर शस्त्रांच्या रचनेत आहे. इपीत कुठेही लागलं तरी टच, त्यामुळे टोकाला एक बटण बसवलं की काम झालं. फॉइलला लक्ष्यावर लागलं की बाहेर, हेही यंत्राला कळायला हवं. सेबरमध्ये तर पात्याच्या कुठल्याही भागाने टच होतो.

फॉइल हातात घेऊन जरा जवळून पाहा. पात्याच्या वरच्या खाचेत केसासारखी बारीक तार चिकटवलेली असते, ती टोकापर्यंत जाते. टोकाच्या छोट्या नळीत स्प्रिंग असते. टोक मोकळं असताना तारेतून वीज वाहत असते. ते दाबलं गेलं की मार्ग तुटतो, आणि तुटला हे यंत्राला समजतं. समोरच्याने अंगावर धातूचे धागे विणलेलं जॅकेट घातलेलं असतं, त्याला लामे म्हणतात. टोक लामेवर दाबलं गेलं तर लाल किंवा हिरवा दिवा लागतो. हातावर, पायावर किंवा इतरत्र लागलं तर पांढरा. खेळाडूच्या बाहीतून पाठीमागे गेलेली बॉडी वायर पिस्टच्या टोकाला असलेल्या रीळापर्यंत जाते. बाउट, म्हणजे लढत, सुरू होण्याआधी रेफरी खिशातून 500 ग्रॅमचं वजन काढतो आणि उभ्या धरलेल्या फॉइलच्या दाबलेल्या टोकावर ठेवतो. स्प्रिंगने ते वजन उचललं पाहिजे. नाही उचललं, तर शस्त्र बाद आणि पिवळं कार्ड. इपीसाठी वजन 750 ग्रॅमचं. स्पर्धांना जाणारी मुलं रात्री हॉटेलच्या खोलीत स्क्रूड्रायव्हर घेऊन हीच टोकं खोलून साफ करत बसलेली असतात. इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेल्या मुलाला हा खेळ लवकर आपलासा वाटतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

यंत्राने फसवणूकही आणली. 1976च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये आधुनिक पेंटॅथलॉनच्या इपी फेरीत सोव्हिएत खेळाडू बोरिस ओनिश्चेंकोचा दिवा टोक न लागताच पेटला. ब्रिटिशांनी तक्रार केली, शस्त्र उघडलं गेलं, तर मुठीत लपवलेलं बटण सापडलं. तो आधीच नावाजलेला, पदकं मिळवलेला खेळाडू होता, म्हणून धक्का जास्त बसला.

यंत्राने खेळाची कलाही बदलली, आणि अभ्यासकाने खरं लक्ष इथे द्यावं. 1980-90च्या दशकांत फॉइलमध्ये पातं चाबकासारखं वाकवून टोक समोरच्याच्या पाठीवर आपटायची पद्धत फोफावली. टोक क्षणभर जरी दाबलं गेलं तरी दिवा लागत असे. 2005च्या सुमारास नियम बदलले: टोक साधारण 14 मिलिसेकंद दाबलेलं राहिलं पाहिजे. काही हजारांश सेकंदांचा फरक, पण त्याने खेळाडूंची एक पिढी पुन्हा सरळ हाताने वार करायला शिकली. त्याच वेळी पहिला दिवा लागल्यावर दुसऱ्यासाठी यंत्र किती वेळ थांबेल, ती मुदत 300 मिलिसेकंदांवर आली. आधी ती दुपटीहून अधिक होती. इपीत ही मुदत सेकंदाचा सुमारे पंचविसावा भाग आहे. तेवढ्या वेळात दोघांचे टच झाले तर दोघांनाही गुण.

फॉइल आणि सेबरमध्ये मात्र दोन्ही दिवे लागले तरी गुण एकालाच मिळतो, आणि सुरुवातीला ज्याचा उल्लेख केला ती गोष्ट इथे येते. यंत्र सांगतं, स्पर्श झाला. तो स्पर्श कुणाच्या हक्काचा होता, हे यंत्राला सांगता येत नाही. ते रेफरी सांगतो, आणि सांगताना पूर्ण घटना शब्दांत मांडतो: डावीकडून हल्ला, उजवीकडून पॅरी (बचाव), रिपोस्ट (उलट वार), टच. नियम असा, की जो आधी हात लांबवून टोकाने सतत लक्ष्याला धाक देतो, हल्ला त्याचा. समोरच्याने तो आधी परतवला पाहिजे, म्हणजे पात्याने पातं बाजूला सारलं पाहिजे किंवा अंतरातून तो फुकट घालवला पाहिजे. मगच उलट वाराचा हक्क त्याच्याकडे येतो. न परतवता त्याने नुसता हात पुढे केला आणि दोघांचे दिवे लागले, तर टच हल्लेखोराचा. आता समजा, हल्लेखोर कोपर वाकलेला ठेवूनच पुढे धावला, मध्ये क्षणभर अडखळला, आणि त्या क्षणी समोरच्याने हात लांबवला. हल्ला कुणाचा?

या प्रश्नावर जगातले उत्तम रेफरी एकमेकांशी असहमत होतात. ‘क्षणभर अडखळला’ हे कुठल्या तारेतून वाहत नाही. व्हिडिओ पाहता येतो, खेळाडूला तशी मागणीही करता येते, पण व्हिडिओही दिसेल तेवढंच दाखवतो. अर्थ माणूसच लावतो. या नियमामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. खऱ्या तलवारीसमोर स्वतःचा जीव न वाचवता वार करणारा माणूस मूर्ख ठरला असता, म्हणून नियम सांगतो: तुझ्यावर वार येतोय, आधी त्याची दखल घे. फॉइल शिकणाऱ्या मुलाला दहा-अकराव्या वर्षी हे शिकावं लागतं. आपला दिवा लागला आणि तरीही गुण समोरच्याचा, हे समजून घेऊन मास्कआडून मान हलवायची आणि पुन्हा पवित्रा घ्यायचा.

घड्याळाचीही अशीच एक गोष्ट आहे. 2012च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिला इपीच्या उपांत्य फेरीत कोरियाची शिन ए-लाम आणि जर्मनीची ब्रिटा हाइडेमान यांची बाउट 5-5 वर जादा वेळेत गेली. बरोबरी राहिली तर शिन जिंकणार होती. एक सेकंद उरला होता. त्या एका सेकंदात खेळ पुन्हा पुन्हा सुरू झाला, पुन्हा पुन्हा थांबला, तरी घड्याळ एकावरच राहिलं, कारण ते पूर्ण सेकंदच दाखवत होतं. शेवटी हाइडेमानचा टच झाला. कोरियाने दाद मागितली. पिस्ट सोडणं म्हणजे निकाल मान्य करणं, म्हणून शिन जवळजवळ तासभर तिथेच रडत बसून राहिली. दाद फेटाळली गेली. या पुस्तकात त्या सेकंदाला एक पूर्ण टिपण दिलं आहे, कारण मोजमापाची मर्यादा इतकी उघडी क्वचितच दिसते.

दुसरा भाग वाचून झाला, की पहिल्या भागातलं आयुष्य पुन्हा एकदा वाचावं अशी माझी विनंती आहे. धडे काढू नका, हे वर म्हटलंच आहे. पण दोन्ही भागांत एक प्रश्न सारखा आहे, आणि तो टाळण्यात प्रामाणिकपणा नाही. फेसबुकच्या यंत्रणेने माणसांचं लाइक करणं, थांबणं, शेअर करणं मोजलं, आणि जे मोजता आलं त्यावर काय दाखवायचं ते ठरवलं. कुणाला काय दाखवायचा हक्क आहे, कुणाची माहिती कुणाच्या हाती जावी, हे मोजमापातून निघत नव्हतं. 2018 साली संसद सदस्य झुकरबर्गला तेच विचारत होते. ज्या मुलाने शाळेत दिवा आणि टच यांतला फरक दर बाउटला ऐकला असेल, त्याच्या कंपनीला तो फरक इतक्या उशिरा आणि इतक्या मोठ्या किमतीला भेटावा, याचं मला वाईट वाटतं.

भारतात हा खेळ अजून तरुण आहे. फेन्सिंग असोसिएशन ऑफ इंडियाची स्थापना 1974ची, आणि पहिली भारतीय फेन्सर ऑलिंपिकला पोहोचायला 2021 उजाडलं. चेन्नईच्या सी. ए. भवानी देवीने 2004 साली शाळेत खेळ निवडायचा होता तेव्हा बाकीच्या खेळांच्या जागा भरलेल्या होत्या, म्हणून फेन्सिंग घेतलं. विजेची शस्त्रं महाग, म्हणून सराव बांबूच्या काठ्यांनी. पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तीन मिनिटं उशिरा पोहोचल्यामुळे तिला काळं कार्ड मिळालं, म्हणजे स्पर्धेतून बाहेर काढलं गेलं. केरळातल्या थलसरी इथल्या साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्रात सागर लागू यांच्या हाताखाली ती घडली, पुढे इटलीत शिकली. टोकियोत तिने पहिली सेबर बाउट 15-3 अशी जिंकली आणि दुसरी फ्रान्सच्या मानों ब्रुनेकडून हरली. 2023च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिला कांस्यपदक मिळालं. या स्पर्धेतलं ते भारताचं पहिलं पदक. आपल्या मुलामुलींनी कुणाकडे पाहून खेळायला लागावं असं मला विचाराल, तर मी झुकरबर्गच्या आधी भवानी देवीचं नाव घेईन.

पालक विचारतात, लागेल का? पाती बोथट असतात आणि सरावात जखमा बहुतेक घोट्याच्या आणि गुडघ्याच्या. पण इतिहास लपवू नये. 1982 साली रोमच्या जागतिक स्पर्धेत ऑलिंपिक विजेता व्लादिमीर स्मिर्नोव याच्या समोरच्याचं पातं तुटलं आणि मास्कमधून आत गेलं. काही दिवसांनी तो वारला. आजचं पोलाद, आजचे मास्क, जॅकेटच्या कापडाच्या ताकदीच्या कसोट्या त्या घटनेनंतर कडक झाल्या. म्हणून जुना, गंजलेला मास्क कुणी स्वस्तात दिला तरी घेऊ नये. पैसे वाचवायचे असतील तर ते शस्त्रावर वाचवावेत.

पुस्तक कसं वाचावं, याबद्दल थोडं. दुसऱ्या भागातली पहिली तीन प्रकरणं क्रमाने वाचावीत आणि सोबत पाय हलवावेत. घराच्या व्हरांड्यातही पुढे-मागे सरता येतं. चौथ्यापासून हवं ते आधी वाचलं तरी चालेल. हक्काच्या नियमाचं पाचवं प्रकरण पहिल्या वाचनात अवघड वाटेल. ते वाचताना एखाद्या ऑलिंपिक फॉइल बाउटचं चित्रीकरण आवाज बंद करून पाहावं, प्रत्येक टचनंतर थांबवून आपला निर्णय कागदावर लिहावा आणि मग रेफरीचा हात कुणाकडे जातो ते पाहावं. सुरुवातीला निम्मे निर्णय चुकतील. महिनाभराने डोळा बदललेला जाणवेल.

काही गोष्टी या पुस्तकात नाहीत. सेबरच्या डावपेचांवर स्वतंत्र पुस्तक हवं. चाकाच्या खुर्चीवरच्या फेन्सिंगला इथे जेमतेम चार पानं मिळाली, ती अपुरी आहेत. सगळ्यांत मोठं काम दांडपट्ट्याचं आहे. कोल्हापूर भागातल्या तालमींत जुने वस्ताद पवित्रे शिकवताना अंतर आणि वेळ यांबद्दल काय बोलतात, ते कुणीतरी शेजारी बसून लिहून घ्यायला हवं, आणि ते अग्रिप्पाच्या आकृत्यांशेजारी ठेवून पाहायला हवं. त्यासाठी मर्दानी खेळ आणि फेन्सिंग दोन्ही अंगावर घेतलेला, थोडी भूमिती येणारा विद्यार्थी लागेल. असा कुणी हे वाचत असेल, तर त्याने पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीची वाट पाहू नये. शिकवणारे वस्ताद वयाने मोठे आहेत.